शोकाची मर्यादा सांगणारा वैद्य

इ. स. ११८५च्या सुमारास इजिप्तमधील फुस्तात या शहरातून एक पत्र पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील अक्का बंदराकडे रवाना झाले. लिहिणाऱ्याचे वय सत्तेचाळिशीच्या घरात होते. ज्यू धर्मशास्त्राचा त्या काळातील सर्वांत मोठा पंडित म्हणून त्याची कीर्ती स्पेनपासून येमेनपर्यंत पसरली होती. पत्र ज्याच्यासाठी होते तो येफेत बेन एलियाहू हा अक्का येथील ज्यू न्यायाधीश, जुना स्नेही. इतक्या वर्षांत साधी विचारपूसही केली नाही, अशी त्याची तक्रार होती. तिला उत्तर देताना पंडिताने आपल्यावर ओढवलेल्या आपत्तींची यादीच मांडली. वडील गेले, आजारपणे आली, पैसा बुडाला, जिवावर उठलेले चहाडखोर भेटले. आणि या सर्वांहून मोठा घाव म्हणजे धाकटा भाऊ दावीद हिंदी महासागरात बुडाला. ती वार्ता आल्यानंतर आपण जवळपास वर्षभर अंथरुणाला खिळून होतो, ताप होता, अंगावर गळवे होती, मन भ्रमिष्ट झाले होते, असे त्याने लिहिले. या गोष्टीला तेव्हा आठ वर्षे झाली होती. भावाचे हस्ताक्षर किंवा त्याचे एखादे पुस्तक समोर आले, की काळीज अजूनही उलटते, अशी कबुलीही त्यात आहे.

हे पत्र लिहिणारे मोशे बेन मैमोन म्हणजेच युरोपला परिचित असलेले मायमॉनिडीस. ज्यू परंपरेत त्यांना आद्याक्षरांवरून रमबाम म्हणतात. तर्कशुद्ध, काहीसे कोरडे, भावनेला फारसा थारा न देणारे विचारवंत अशी त्यांची प्रतिमा आहे. छळ सोसणाऱ्या समाजाला श्रद्धा कशी टिकवावी, याचा उपदेश त्यांनी वारंवार केला. तोच उपदेश स्वतःवर लागू करण्याची वेळ आली तेव्हा त्यांचे काय झाले, हे मात्र त्यांच्या जाडजूड ग्रंथांतून सहसा दिसत नाही. त्यासाठी त्यांचे आयुष्यच पाहावे लागते.

मायमॉनिडीस यांचा जन्म स्पेनमधील कोर्दोबा येथे झाला. परंपरेने ११३५ हे साल सांगितले जाते. पण त्यांनीच एका ग्रंथाच्या शेवटी आपल्या वयाची नोंद करून ठेवली आहे आणि तिच्यावरून ११३८ हे साल अधिक बरोबर ठरते. वडील मैमोन हे शहरातील ज्यू न्यायाधीश आणि विद्वान होते. मुस्लिम राजवटीतील स्पेनमध्ये ज्यूंना तोवर दुय्यम, पण बऱ्यापैकी सुरक्षित स्थान होते. विशेष कर भरावा, काही बंधने पाळावीत आणि आपला धर्म सांभाळावा, असा तो व्यवहार होता. कोर्दोबात वैद्यक, गणित, काव्य आणि तत्त्वज्ञान यांची भाषा अरबी होती आणि ज्यू विद्वानही त्याच भाषेत विचार करीत.

११४८ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अलमोहाद राजवटीने कोर्दोबा जिंकले आणि हा व्यवहार एका फटक्यात मोडला. ज्यू आणि ख्रिश्चनांना असलेले संरक्षण काढून घेण्यात आले. इस्लाम स्वीकारा, देश सोडा, नाही तर मरणाला तयार व्हा, एवढेच पर्याय उरले. मोशे तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढची सुमारे बारा वर्षे हे कुटुंब दक्षिण स्पेनमध्ये गावोगाव भटकत राहिले. मुलांचे शिक्षण या भटकंतीतच झाले. नंतर, ११६०च्या सुमारास, त्यांनी समुद्र ओलांडला आणि मोरोक्कोतील फेझ गाठले.

छळापासून पळणारे कुटुंब त्याच अलमोहादांच्या मुलखात आत का शिरले, हे कोडेच आहे. मोठ्या शहरात ओळख लपवणे सोपे जाते, हे एक कारण असू शकेल. फेझमधील अनेक ज्यूंनी दबावाखाली इस्लामची कबुली उच्चारली होती आणि घराच्या चार भिंतींआड ते आपला जुना धर्म पाळत होते. मैमोन यांच्या कुटुंबाने काय केले, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. अल-किफ्ती या मुस्लिम चरित्रकाराने त्यांनी वरकरणी धर्मांतर केल्याचे नोंदवले आहे. काहींना ते मान्य आहे, काहींना नाही.

याच सुमारास मैमोन यांनी अरबी भाषेत एक सांत्वनपत्र लिहिले. संकटाच्या पुरात वाहून जाणाऱ्या माणसांसाठी ईश्वराचा नियम म्हणजे आकाशातून खाली सोडलेला दोर आहे, अशी प्रतिमा त्यात येते. मुठीत घट्ट धरता आला तर उत्तमच. पण नुसत्या बोटांच्या टोकांनी धरणाऱ्यालाही सोडून देणाऱ्यापेक्षा अधिक आशा आहे, असा त्या पत्राचा सूर आहे. मुलाने हा धडा नीट गिरवला असे दिसते. कारण लवकरच फेझमध्ये एक वाद उभा राहिला आणि त्यात तरुण मोशेने लेखणी उचलली.

वाद असा होता. दबावाखाली इस्लामची कबुली दिलेल्या एका ज्यूने एका धर्मपंडिताला विचारले, की आपण गुपचूप करीत असलेल्या प्रार्थनांना काही मोल आहे का? पंडिताने उत्तर दिले, की मुळीच नाही. तोंडाने कबुली दिली तो धर्मभ्रष्ट झाला. त्याने मरायला हवे होते, आणि आता त्याने केलेली प्रत्येक प्रार्थना हे नवे पापच आहे. या उत्तराने किती घरे हादरली असतील, याची कल्पना करता येते. जी माणसे भीतभीत का होईना पण दोराचे टोक धरून होती, त्यांना तोही सोडून द्या, असे सांगितले जात होते.

या प्रश्नाला ज्यू धर्मशास्त्रात मोठी पार्श्वभूमी आहे. सर्वसाधारण नियम असा, की जीव वाचवण्यासाठी बहुतेक धर्माज्ञा मोडता येतात. मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि मनुष्यहत्या या तीन बाबतींत मात्र मरण पत्करावे. छळाच्या काळात हा नियम आणखी कडक होतो. ईश्वराच्या नावासाठी प्राण देणाऱ्याचा परंपरा गौरव करते, आणि तिच्यात अशा हुतात्म्यांची मोठी मालिका आहे. मग जो मेला नाही, त्याचे काय?

मायमॉनिडीस यांच्या नावावर असलेल्या छळविषयक पत्रात याचे उत्तर आहे. (हे पत्र त्यांचेच आहे का, अशी शंका काही आधुनिक अभ्यासकांनी घेतली असली तरी बहुसंख्य अभ्यासक ते त्यांचेच मानतात.) त्यांचे म्हणणे असे, की या छळात माणसाकडून कृती मागितली जात नाही, फक्त शब्द मागितले जातात, आणि मागणाऱ्यालाही ठाऊक असते की ते शब्द मनापासून नाहीत. प्राण देणारा थोर आहे, यात शंका नाही. पण ज्याने शब्द उच्चारून जीव वाचवला, तो धर्मभ्रष्ट ठरत नाही. भीतीच्या सावटाखाली त्याने पाळलेल्या लहानशा आज्ञेचेही पुण्य मोठे आहे. शब्बाथ उघडपणे मोडावा लागणाऱ्या माणसालाही तिरस्काराने दूर लोटू नये, जवळ घ्यावे. एक अट मात्र त्यांनी ठामपणे घातली. जेथे धर्म लपवावा लागतो तेथे घरदार, मालमत्ता, सवय यांच्या मोहाने राहू नये. संधी मिळताच निघावे. एखादा तारणहार येईल आणि सोडवेल म्हणून वाट पाहत बसणाऱ्यांना त्यांनी चांगलेच फटकारले आहे.

पंचविशीतील माणसाने हे लिहावे, याचे आश्चर्य वाटते. हौतात्म्याचे गोडवे गाणे सोपे असते, विशेषतः सुरक्षित अंतरावरून. मायमॉनिडीस यांनी अशा माणसांसाठी लिहिले, ज्यांना उद्या सकाळी पुन्हा बाजारात जायचे होते आणि शेजाऱ्यांच्या नजरेला नजर द्यायची होती. असे असले तरी त्यांच्या युक्तिवादात काही ठिकाणी ओढाताण आहे, आणि पुढे लिहिलेल्या धर्मसंहितेत याच विषयावर ते अधिक कठोर झालेले दिसतात, हेही सांगायला हवे.

उपदेश त्यांनी स्वतःही पाळला. परंपरेनुसार ११६५ मध्ये फेझमधील विद्वान येहूदा इब्न सूसान यांना धर्म सोडण्यास नकार दिल्याबद्दल ठार मारण्यात आले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मैमोन यांचे कुटुंब जहाजावर चढले. सहाव्या दिवशी भर समुद्रात भयंकर वादळ झाले. निघाल्याचा दिवस आणि वादळाचा दिवस या दोन्ही दिवशी आपण व आपल्या घरच्यांनी दरवर्षी उपवास करावा, असा नवस मोशे यांनी त्या वेळी केला. मे महिन्यात जहाज अक्काला लागले. पॅलेस्टाइन तेव्हा क्रुसेडरांच्या ताब्यात होते. ऑक्टोबरमध्ये, वाटेतील धोके पत्करून, बापलेक जेरुसलेम आणि हेब्रोन येथे जाऊन आले. त्या यात्रेत सोबत होता तो येफेत. वीस वर्षांनंतरचे ते पत्र ज्याला गेले, तोच. पण त्या भूमीत ज्यूंची वस्ती विरळ होती, विद्येला आधार नव्हता आणि पोटाचाही प्रश्न होता. कुटुंब इजिप्तला गेले आणि कैरोला लागून असलेल्या फुस्तात या जुन्या शहरात स्थिरावले. वडील त्यानंतर फार काळ जगले नाहीत.

स्थिरावले, हा शब्दही जपूनच वापरायला हवा. ११६८ मध्ये मोशे यांनी मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेवरील अरबी भाष्य पूर्ण केले. आपण हे काम वनवासात, काही भाग तर जहाजांवर बसून लिहिले असल्याने चुका आढळल्यास वाचकाने समजून घ्यावे, अशी विनंती त्यांनी शेवटी केली आहे. ज्यू धर्माची तेरा तत्त्वे त्यांनी प्रथम मांडली ती याच भाष्यात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये क्रुसेडर राजा अमालरिक याने बिलबैस हे गाव लुटले, कत्तल केली आणि शेकडो माणसांना कैद करून नेले. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून वजीर शावर याने फुस्तातलाच आग लावली. कैद्यांत ज्यू मोठ्या संख्येने होते. ११६९ मध्ये मोशे यांनी गावोगावच्या ज्यू समाजांना पत्रे पाठवून खंडणीसाठी पैसा उभा करण्याची मोहीम हाती घेतली. पुढे धर्मसंहितेत त्यांनी कैद्यांच्या सुटकेसाठी पैसा देणे याहून मोठे दान नाही, असा नियम लिहिला. त्या नियमामागे बिलबैसचे कैदी उभे आहेत, असे मानायला हरकत नाही.

११७१ मध्ये सलाहुद्दीनने फातिमी खिलाफत संपवली आणि इजिप्तची सत्ता हाती घेतली. मोशे यांच्याकडे लवकरच इजिप्तमधील ज्यूंचे नेतृत्व आले. तोवर त्यांचे नाव दूरवर गेले होते. ११७२ मध्ये येमेनमधून याकोब अल-फय्यूमी या विद्वानाची हाक आली. तेथे राज्यकर्त्याने धर्मांतराची सक्ती केली होती, एक धर्मांतरित ज्यू धर्मग्रंथांचेच दाखले देऊन लोकांचा बुद्धिभेद करीत होता आणि भर म्हणून एक इसम स्वतःला मसीहाचा अग्रदूत म्हणवून गर्दी जमवीत होता. दुःख असह्य झाले, की चमत्काराची भूक वाढते, हे फेझमध्ये राहिलेल्या माणसाला सांगण्याची गरज नव्हती.

येमेनला पाठवलेल्या उत्तरात मोशे यांनी सोपी अरबी वापरली आणि पत्र स्त्रिया-मुलांसह सर्वांना वाचून दाखवावे, असे सुचवले. छळ हा या समाजाला नवा नाही. साम्राज्ये आली आणि गेली, समाज उरला, असे त्यांनी इतिहासाच्या आधारे समजावले. सिनाई पर्वतावर साऱ्या समाजाने एकत्रितपणे जे अनुभवले त्याची स्मृती मुलाबाळांना पुन्हा पुन्हा सांगा, तीच आधाराची जागा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मसीहाच्या आगमनाची वर्षे मोजत बसू नका, असे त्यांनी बजावले. गंमत अशी, की त्याच पत्रात आपल्या घराण्यात चालत आलेले एक भाकीतही त्यांनी हळूच सांगून टाकले आहे, ज्यावरून १२१०च्या सुमारास भविष्यवाणीचे सामर्थ्य परत येणार होते. लोकांना धीर देताना तर्काची शिस्त त्यांच्याकडूनही थोडी सैल झाली. अग्रदूत म्हणवणाऱ्याचा शेवट त्यांनी पुढे दुसऱ्या एका पत्रात सांगितला आहे. राजाने पुरावा मागितला, तेव्हा माझे डोके उडवा, मी पुन्हा जिवंत होतो, असे तो म्हणाला आणि राजाने तसेच केले. ११७३-७४ मध्ये सलाहुद्दीनचा भाऊ तुरानशाह याने येमेन जिंकले आणि सक्ती संपली. येमेनच्या ज्यूंनी कृतज्ञतेपोटी कद्दिश या प्रार्थनेत मोशे यांचे नाव गुंफले होते, असे सांगतात.

या साऱ्या विद्येचा आणि समाजकार्याचा खर्च चालत होता तो दावीदच्या व्यापारावर. धर्मविद्येच्या मोबदल्यात समाजाकडून पैसा घेऊ नये, हे मोशे यांचे कडक मत. त्यामुळे थोरला भाऊ ग्रंथ लिहीत होता आणि धाकटा जडजवाहिराचा व्यापार करून दोन्ही घरे चालवीत होता. दावीदने प्रवासातून लिहिलेले एक पत्र सुदैवाने उपलब्ध आहे. नाईल नदीकाठच्या कूसहून तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरापर्यंतचे वाळवंट त्याने काफिल्यापासून वेगळे होऊन, एकाच सोबत्यासह ओलांडले होते. हा वेडेपणाच होता, हे तो मान्य करतो. पण मागून येणारा काफिला लुटला गेला आणि हा मात्र सुखरूप पोहोचला. ऐधाबला घेण्यासारखा माल नव्हता. हात हलवत परत कसे जायचे, म्हणून त्याने हिंदुस्थानच्या वाटेला लागायचे ठरवले. वाळवंटातून ज्याने वाचवले तोच समुद्रातूनही वाचवील, असा भरवसा त्याने भावाला दिला.

अशाच एका सफरीत, ११७७च्या सुमारास, दावीद बुडाला. त्याच्याबरोबर कुटुंबाचा पैसा बुडाला आणि इतरांनी विश्वासाने दिलेला पैसाही. मागे त्याची विधवा आणि एक लहान मुलगी राहिली. मोशे यांनी त्याला मांडीवर वाढवले होते. तो भाऊही होता आणि शिष्यही.

मोशे यांचा मुख्य ग्रंथ, ‘मिश्ने तोरा’ ही चौदा भागांची हिब्रू धर्मसंहिता, नेमक्या याच सुमारास पूर्ण झाली. तिच्या शेवटच्या भागात शोकाचे नियम आहेत. मृत्यूची वार्ता कानी येताच ज्यू माणूस अंगावरचे वस्त्र फाडतो आणि ईश्वराला सत्याने न्याय करणारा म्हणून धन्यवाद देतो. चांगल्यासाठी जसे आभार मानायचे तसेच वाईटासाठीही, ही मिश्नातील जुनी शिकवण. मोशे यांनी ती नोंदवली आणि पुढे दुःखाचे मापही सांगितले. तीन दिवस रडण्याचे, सात दिवस गुणगानाचे, तीस दिवस केस न कापण्याचे व इतर व्रतांचे. मृत्यू ही जगाची रीतच आहे. त्यापलीकडे स्वतःला छळणारा मूर्ख होय. आणि मुळीच शोक न करणाऱ्याला त्यांनी क्रूर म्हटले आहे. माणसाने या काळात हादरून जावे, आपली कृत्ये तपासावीत आणि मग उठावे.

तीस दिवसांचे माप सांगणारा हा माणूस स्वतः वर्षभर उठला नाही, आणि आठ वर्षांनंतरही त्याचे सांत्वन झाले नव्हते. यात कोणाला विसंगती दिसेल. पण त्यांनी नियम बदलला नाही आणि आपला पराभवही लपवला नाही. येफेतला लिहिलेल्या पत्रात ते एवढेच सांगतात, की धर्मविद्या आणि शास्त्रांचा अभ्यास यांत मन रमले नसते तर या दुःखात आपला अंतच झाला असता. दोराचे टोक त्यांनी बोटांनी धरून ठेवले होते, इतकेच त्या वर्षाविषयी म्हणता येते.

अंथरुणातून उठल्यावर पोटासाठी त्यांनी वैद्यकी हाती घेतली. शास्त्र त्यांना आधीपासून येत होते. आता तो व्यवसाय झाला. सलाहुद्दीनचा विश्वासू मंत्री अल-कादी अल-फादिल याने त्यांना राजवैद्यांत सामावून घेतले. पुढे सलाहुद्दीनचा मुलगा अल-अफ्दल याच्यासाठीही त्यांनी आरोग्यविषयक ग्रंथ लिहिले. इजिप्तमध्येच त्यांनी विवाह केला होता. ११८६ मध्ये अब्राहम हा मुलगा झाला. पण भूतकाळ येथेही पाठ सोडत नव्हता. मोरोक्कोकडून आलेल्या एका धर्मशास्त्र्याने त्यांना ओळखले आणि हा तिकडे मुसलमान होता, आता धर्म सोडून ज्यू झाला आहे, असा आरोप केला. आरोप सिद्ध झाला असता तर शिक्षा मृत्यूची होती. अल-फादिलने निकाल दिला, की सक्तीने स्वीकारलेल्या धर्माला कायद्यात अर्थ नाही. अल-किफ्तीने दिलेली ही हकीकत खरी असेल, तर फेझमध्ये तरुण मोशेने ज्यूंच्या बाजूने मांडलेला मुद्दा वीस-पंचवीस वर्षांनी एका मुस्लिम न्यायाधीशाने त्यांच्याच बाजूने मांडला.

११९०च्या सुमारास त्यांचा तत्त्वज्ञानपर ग्रंथ, ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’, पूर्ण झाला. त्यात ईयोबच्या कथेवर दोन प्रकरणे आहेत. बायबलमधील हा सज्जन माणूस मुले, संपत्ती, आरोग्य सारे गमावतो आणि ईश्वराला जाब विचारतो. मोशे यांनी एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधले. कथेच्या आरंभी ईयोबला सदाचारी म्हटले आहे, ज्ञानी म्हटलेले नाही. ईश्वराविषयी तो जे मानत होता ते ऐकीव होते. म्हणून चांगल्या वागण्याचा मोबदला आरोग्य, पैसा आणि मुलेबाळे यांच्या रूपात मिळतो, अशी त्याची समजूत होती. यातना भोगून अखेर त्याला उमगले, की ईश्वराची व्यवस्था माणसाच्या व्यवस्थेसारखी नाही आणि खरे सुख ईश्वराला जाणण्यात आहे. ईयोबचे मित्र, जे त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधत होते, ते चुकले होते. अनेक टीकाकारांना हे विवेचन फार थंड वाटते. दावीदची हकीकत ठाऊक असलेल्या वाचकाला ते तसे वाटणार नाही.

११९९ मध्ये या ग्रंथाचा हिब्रू अनुवाद करणारे शमुएल इब्न तिब्बोन भेटीला येऊ इच्छित होते. त्यांना परावृत्त करण्यासाठी मोशे यांनी आपली दिनचर्या कळवली. रोज सकाळी फुस्तातहून कैरोला राजवाड्यात जायचे. कोणी आजारी असेल तर दिवस तेथेच जातो. दुपारनंतर भुकेलेल्या अवस्थेत घरी यावे तो ओसरीवर ज्यू, मुसलमान, लहानमोठे, मित्र आणि शत्रू यांची गर्दी. त्यांची माफी मागून चार घास खायचे, चोवीस तासांतले तेवढेच जेवण, आणि मग रात्र पडेपर्यंत रोगी तपासायचे. थकव्याने शेवटी आडवे पडूनच औषधे सांगायची. शब्बाथला समाजाची माणसे दारात. साठी ओलांडलेला, प्रकृतीने खंगलेला माणूस असा जगत होता.

त्याच सुमारास दक्षिण फ्रान्समधील ल्युनेलच्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी जगभर ज्यू विद्येची कशी वाताहत झाली आहे, हे सांगितले. त्यात हिंदुस्थानातील ज्यूंचाही ओझरता उल्लेख आहे. त्यांना लिखित धर्मग्रंथ ठाऊक नाहीत; ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी मुलांची सुंता करतात, एवढेच. हे वर्णन वाचताना महाराष्ट्रातील वाचकाला कोकणातील बेने इस्रायल आठवल्याखेरीज राहणार नाहीत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा आहे. ग्रंथ आणि भाषा समुद्रात गेली, पण तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांनी शनिवारी काम बंद ठेवणे सोडले नाही आणि शनवार तेली हे नाव मिळवले. पुढे दावीद रहाबी नावाच्या पाहुण्याने त्यांना ओळखले, बायकांनी मासे निवडताना पंख आणि खवले असलेलेच वेचले यावरून, आणि विसरलेला धर्म पुन्हा शिकवला. हा रहाबी म्हणजे मायमॉनिडीस यांचा बुडालेला भाऊच, असे काहींनी सुचवले आहे. त्याला पुरावा नाही. कोचीनच्या अठराव्या शतकातील रहाबी घराण्याकडे बोट दाखवणारे अभ्यासक अधिक आहेत. तरीही समुद्राने नेलेला दावीद कोकणच्या किनाऱ्याला लागला असावा, ही कल्पना माणसांना सोडवत नाही, यात नवल नाही.

१३ डिसेंबर १२०४ रोजी मायमॉनिडीस यांचे फुस्तातमध्ये निधन झाले. परंपरेनुसार त्यांचे दफन गालिली सरोवराकाठच्या तिबेरिया येथे झाले आणि तेथील समाधीला आजही लोक भेट देतात. त्यांच्या तेरा तत्त्वांना पुढे कोणी तरी संक्षिप्त कबुलीचे रूप दिले आणि ते प्रार्थनेच्या पुस्तकात गेले. त्यातील मसीहाविषयीचे तत्त्व, तो उशीर करीत असला तरी त्याची वाट पाहण्याविषयीचे, दुसऱ्या महायुद्धात नाझींनी उभारलेल्या बंदिस्त वस्त्यांत आणि छळछावण्यांत ज्यूंनी गाण्याच्या रूपात म्हटले. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांनी ते म्हटल्याच्या आठवणी वाचलेल्यांनी सांगितल्या आहेत.

ज्यू प्रथेप्रमाणे ईश्वराचे नाव असलेला कागद फेकायचा नसतो. फुस्तातच्या सिनेगॉगमधील एका कोठडीत असे कागद शतकानुशतके साठत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतील जवळपास दोन लाख तुकडे इंग्लंडला केंब्रिज येथे नेण्यात आले, आणि या कागदांच्या साठ्यातूनच दावीदचे ऐधाबहून लिहिलेले पत्र पुढे हाती लागले. ते आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यात दावीदने थोरल्या भावाला घरच्या स्त्रियांना धीर द्यायला सांगितले आहे. त्यांना घाबरवू नकोस, खचू देऊ नकोस, कारण जे होऊन गेले त्यासाठी ईश्वराकडे आक्रोश करणे ही व्यर्थ प्रार्थना होय, असे मिश्नातील वचन त्याने भावाला आठवण म्हणून लिहिले. मिश्नावर भाष्य लिहिणाऱ्या भावाला ते अर्थातच ठाऊक होते.